परसातले तळे आणि खालची नदी

बोरघाट उतरून खोपोलीत शिरले की वीरेश्वराच्या देवळाजवळ एक मोठे बांधीव तळे लागते. ते नाना फडणविसांनी बांधविले. त्याच खालापूर तालुक्यातील महड गावी वरदविनायकाच्या देवळाशेजारीही एक तळे आहे. तेथील मूर्ती १६९० साली त्या तळ्यात सापडली, असे परंपरा सांगते. शेजारच्या कर्जत तालुक्यातून उल्हास नदी वाहते. राजमाचीच्या डोंगरातून निघून ती बदलापूर, कल्याणकडे जाते, तर खालापूरची पाताळगंगा रसायनीवरून धरमतरच्या खाडीला मिळते. या दोन तालुक्यांत पडलेला पावसाचा जवळजवळ प्रत्येक थेंब अखेर या दोहोंपैकी एकीच्या वाटेला लागतो.

गेल्या काही वर्षांत येथे तळ्यांची एक नवी जात आली आहे. मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनी बांधलेल्या घरांच्या परसात दहा फूट लांब, सात-आठ फूट रुंद असे एक तळे असते. त्यात दोन कुंड्या कमळाच्या, एक कुमुदाची आणि बाजारातून आणलेले दहा-बारा सोनेरी मासे. अनेक जैन कुटुंबांनीही अशी तळी हौसेने केली आहेत. त्यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. पद्मप्रभूंचे लांछन कमळ, नमिनाथांचे नीलकमळ, मुनिसुव्रतांचे कासव. मीनयुगुल तर अष्टमंगलांतलेच. पावापुरीच्या जलमंदिराभोवतीचे कमळांनी भरलेले सरोवर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना घराजवळही तसे काही असावे असे वाटले तर नवल नाही.

तळे बांधायला चार दिवस पुरतात; खरे काम त्यानंतरचे. घरमालक शनिवारी येतो, रविवारी संध्याकाळी परततो. मासे मात्र बहुधा बुधवारी मरतात. म्हणून तळ्याचा खरा पालक तो, जो रोज सकाळी झाडांना पाणी घालायला येतो. गावातल्या त्या माणसाला केवळ ‘खाणे टाक’ एवढेच सांगितलेले असेल, तर तो प्रामाणिकपणे मूठभर खाणे टाकतो आणि न खाल्लेले खाणे तळाशी कुजू लागते. दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढेच खाणे पुरे. एखादा दिवस काहीच न टाकले तरी चालते. मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ती भूक नव्हे. पाण्यातील प्राणवायू संपत आल्याची ती खूण. वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, रात्री मात्र त्याही तो घेतात. त्यामुळे पहाटेची वेळ सर्वांत अडचणीची असते. हे ज्याला ठाऊक आहे तो खाणे न टाकता पाणी हलविण्याची व्यवस्था करतो. नवे तळे तर पहिले महिना-दीड महिना माशांविनाच ठेवावे. माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणारे सूक्ष्म जीव तळाच्या खड्यांवर वसायला तेवढा अवधी लागतोच.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. येथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण काळ्या पाषाणाची ही भूमी ते पाणी फार काळ धरून ठेवत नाही. चैत्र-वैशाखात डोंगरउतारावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. त्याच दिवसांत पाताळगंगा आणि पेज मात्र वाहत्या असतात, कारण टाटांच्या खोपोली व भिवपुरी येथील वीजगृहांतून बाहेर पडणारे पाणी त्यांना मिळते. खोपोलीचे वीजगृह १९१५ सालचे, भिवपुरीचे १९२२ चे. घाटमाथ्यावर अडविलेला पाऊस असा भर उन्हाळ्यात तळकोकणात उतरतो, पण तो नदीकाठीच राहतो, वाडीवर चढत नाही. अशा प्रदेशात परसातल्या तळ्यासाठी टँकर मागविणे शोभत नाही. स्वतःच्या छपराचे पावसाळी पाणी साठवून उन्हाळाभर जेवढे तळे भरते राहील, तेवढेच ते खोदावे. नळाचे पाणी घालायचेच झाल्यास ते पिंपात एक-दोन दिवस उघडे ठेवून, त्यातील क्लोरीन उडून गेल्यावर घालावे.

वनस्पतींची निवड सोपी आहे. कमळाला पाच-सहा तास ऊन आणि चिकणमातीची रुंद कुंडी लागते. त्याची पाने देठांवर पाण्याबाहेर उभी राहतात. कुमुदाची पाने पाण्यावरच पसरतात. दोन्ही मिळून अर्धा ते दोन तृतीयांश पृष्ठभाग झाकला गेला की पाणी तापत नाही आणि हिरवेही होत नाही. काठावर वेखंड, ब्राह्मी, अळू चांगले वाढतात. (कमळाचा कंद आणि अळकुडी जैन स्वयंपाकघरात वर्ज्य असल्याने या घरांतील कमळ-अळू मुळासकट सुखरूप राहतात, हा त्यांचा विशेष लाभ.) जलपर्णी मात्र तिच्या जांभळ्या फुलांना भुलून कधीही आणू नये. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठीच भारतात आली. आज उल्हासच्या पात्रावर पसरणारे हिरवे गालिचे तिचेच.

डासांची भीती सर्वांनाच असते, आणि ती खोटी नाही. डॉ. बेंटले यांनी १९११ साली मुंबईतील हिवतापाचा अहवाल दिला, तेव्हा दोष घरोघरच्या विहिरींकडे गेला. त्या बुजविण्याला विशेषतः पारशी व हिंदू समाजांतून विरोध झाला. आजही आरोग्य खाते डबक्यांत, हौदांत गप्पी मासे सोडते. बंदिस्त हौदापुरते ते ठीक. पण गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. तो ओढ्यात पोहोचला की तेथलाच होऊन बसतो आणि स्थानिक लहान माशांच्या वाट्याचे खातो. शिवाय जैन घरात आजीचा प्रश्न असतोच: डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून मासे पाळणे हे कसले व्रत? प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. त्याला एक व्यावहारिक उत्तर आहे. लहानशा पंपाने पाणी सतत हलते ठेवले, तर डास सहसा त्यावर अंडी घालत नाहीत. आणि तळे नुसते उघडे ठेवले तरी बेडूक व चतुर आपण होऊन येतात. त्यांनी काय खावे हे कोणी ठरवावे लागत नाही. विकतचे मासे नसलेले तळे हे अपुरे तळे नव्हे. काठावर कधी पाणदिवड दिसेल, ती बिनविषारी असते. वंचक तासभर एका पायावर उभा राहील. त्यांनाही राहू द्यावे.

एवढी काळजी कशासाठी, हे आषाढात कळते. सांडव्यावरून तळे वाहू लागते, ते पाणी भाताच्या खाचरातून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला मिळते. पहिल्या मोठ्या पुरात नदीतले मासे उलट दिशेने वर चढतात, उथळ पाण्यात अंडी घालायला. कोकणात त्याला वलगण म्हणतात. म्हणजे त्या दिवसांत परसाचे तळे आणि नदी यांच्यामध्ये अंतर उरत नाही. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली तेव्हा, उल्हास किती दूरवर पसरू शकते हे सर्वांनी पाहिले. तळ्यात जे असेल ते अशा दिवशी नदीचे होते. सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी बसविणे हे म्हणूनच पहिल्या पावसापूर्वीचे काम.

पुराने जे होते ते कधी कधी दयेनेही होते. घर विकले जाते, मुले परदेशी जातात, आणि ‘बिचाऱ्यांना मोकळे करू’ म्हणून मासे बादलीत घालून ओढ्यात सोडले जातात. हेतू अभयदानाचा असतो. परिणाम मात्र उजनी जलाशयातील मच्छीमारांना विचारावा. काचेच्या पेट्यांतला, मूळचा दक्षिण अमेरिकेचा सकर मासा त्यांच्या जाळ्यांत भरू लागला आहे. सोडलेला मासा मेला तर तो जीव गेला, जगला तर इतर कित्येकांचे अन्न गेले.

या बाबतीत जुन्या जैन घरांतील पाणी गाळण्याची रीत पुष्कळ सांगून जाते. विहिरीचे पाणी दुहेरी कापडातून गाळल्यावर कापडावर राहिलेली जिवाणी फेकून देत नसत, आणि दुसऱ्या विहिरीतही टाकीत नसत. ज्या पाण्यातून ती आली, त्याच पाण्यात ती हलकेच परत सोडीत, कारण एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात तगत नाहीत अशी समजूत होती. माशांनाही तोच नियम लावावा: दुकानातून आलेला मासा दुकानदाराकडे किंवा बंदिस्त तळे असणाऱ्या स्नेह्याकडे जावा, ओढ्यात नव्हे.

दिवाळीनंतर पाणी स्थिरावते, कमळाची पाने पिवळी पडू लागतात. तेव्हा कुजकी पाने आणि जादा शेवाळ काढावे, पण एकाच दिवशी सगळे उपसू नये. थोडे थोडे, आठवड्याच्या अंतराने. काढलेला ढीग लगेच खतात न टाकता तळ्याच्या अगदी काठावर रात्रभर राहू द्यावा. त्यात अडकलेल्या गोगलगाई, चतुरांची पिले आणि डोळ्यांना न दिसणारे कितीतरी जीव सकाळपर्यंत आपल्या वाटेने पाण्यात उतरतात. मग उरलेले शेवाळ अळवाच्या मुळाशी घालावे.