कोऱ्या जागेची बाजू

एदुआर्दो चिलिदा (1924–2002) हा बास्क शिल्पकार लोखंडातल्या अवजड कामांसाठी ओळखला जातो. त्याची मुद्राचित्रं मात्र फार थोडक्यात उभी राहतात. कागदावर काळे दोन-तीन जाड आकार असतात आणि त्यांच्या मधून वाट काढत गेलेली एक पांढरी फट. नजर आधी काळ्यावर जाते, पण चित्र त्या फटीत आहे आणि काळं सगळं तिला आकार यावा म्हणून आलेलं आहे, असं मला ठामपणे वाटतं. एचिंग या मुद्रणपद्धतीचं तंत्रच याची साक्ष देतं. तांब्याच्या पत्र्यावर लावलेला मेणाचा थर सुईने खरवडतात, मग उघड्या पडलेल्या धातूला आम्ल खातं. पत्रा पुसला तरी खाचेत शाई उरते आणि ओलसर कागद दाबाखाली ती तिथून उचलून घेतो. कागदावरची रेघ म्हणजे मुळात धातूत कोरलेली पोकळी. म्हणून या माध्यमाकडे वळताना शिल्पकाराला आपलं काम सोडून यावं लागत नाही. शिवाय चिलिदा तरुणपणी रेआल सोसिएदादचा गोलरक्षक होता, गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा खेळ सुटला. गोलरक्षकाची सारी चिंता तीन दांड्यांमधल्या मोकळ्या जागेची असते.

असल्या रेघा कोणीही ओढेल, हा आक्षेप जुना आहे आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. विद्यार्थी असताना चिलिदाच्या लक्षात आलं की त्याचा उजवा हात फार सराईत झाला आहे, मनाच्या पुढे धावतो आहे. तेव्हा तो डाव्या हाताने काढू लागला. सफाई त्याच्यापाशी होती, तिच्यावर त्याचा विश्वास नव्हता. आपल्याकडे याहून कठोर उदाहरण नसरीन मोहमदी यांचं आहे. 1937 साली कराचीत जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, बडोद्याला शिकवणाऱ्या या चित्रकर्तीने शाई, पेन्सिल आणि आरेखनाची साधी हत्यारं घेऊन कागदावर रेषांची जाळी विणली. बहुतेक चित्रांना त्यांनी ना नाव दिलं ना तारीख. मज्जासंस्थेच्या आजाराने शरीरावरचा ताबा सुटत गेला, तशी त्यांची चित्रं आणखी विरळ आणि आणखी नेमकी होत गेली. ऐंशीच्या दशकातल्या काही कागदांवर दोन-चार तिरप्या रेषाच तरंगतात, बाकी सगळा कागद कोरा. हात साथ देत नसताना ओढलेल्या त्या रेषेला केवळ पट्टीची करामत म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पट्टी रेघ सरळ ठेवते; ती कुठे थांबवायची हे पट्टीला कळत नाही. 1990 मध्ये नसरीन अलिबागजवळच्या किहीमला वारल्या.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोऱ्या जागेचं हे कौतुक कलादालनात ठीक, रोजच्या जगण्याशी त्याचा संबंध काय? नवी मुंबईतल्या करावे गावाच्या खाडीकाठी तो संबंध उघड दिसतो. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या शहराचे नकाशे आखले गेले, आणि आगरी-कोळ्यांची ही जुनी वस्ती सेक्टरांच्या चौकटींमध्ये आली. गावठाण, पाम बीच रस्ता, तिवरं, आणि त्यांच्यालगतच्या पाणथळी. त्या पाणथळीत ओहोटीला नुसता चिखल दिसतो. कागद कोरा दिसला की तिथे चित्र नाही असं मानणारी नजर इथेही तीच चूक करते आणि त्या जागेला रिकामी म्हणते. पण भरती चढली, खाडीतला चिखल बुडाला, की रोहित पक्षी विसाव्याला इथेच येतात. भरतीच्या पाण्याची वाट बुजली तर ही पाणथळ त्यांच्या उपयोगाची राहत नाही. चित्रातल्या फटीसारखीच ही मोकळीक कडेच्या रेषांवर तगून असते.

यावर कोणी म्हणेल, माणसांना घरं हवीत, आणि ज्यांच्या जमिनीवर शहर उभं राहिलं त्या गावकऱ्यांना तर आधी हवीत. मला हे मान्य आहे. रेघ ओढूच नये, असं चिलिदाही म्हणत नाही; त्याने कागद कोरा सोडला नाही. प्रश्न रेघेच्या पलीकडे काय आहे याचं भान ठेवण्याचा आहे. 1977 मध्ये सान सेबास्तियनच्या खडकांवर त्याची ‘वाऱ्याचा कंगवा’ ही शिल्पं उभी राहिली. तिथल्या चौथऱ्याच्या फरसबंदीत वास्तुविशारद लुईस पेन्या गांचेगी याने छिद्रं ठेवली. खाली लाट आपटली की हवा आणि पाणी त्यांतून वर उसळतं. आपल्या खारजमिनीच्या बांधालाही उघाडी असते: भरतीला ती खारं पाणी अडवते, ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडते. दोन्हींचा उपयोग निराळा, पण दोन्ही ठिकाणी बांधणाऱ्याने समुद्राचं येणं-जाणं आधी समजून घेतलं आणि मग भिंत घातली. करावेच्या पाणथळीभोवती यापुढे जी रेघ पडेल, तिच्यातही भरतीच्या पाण्याला वाट ठेवलेली असायला हवी.