बांधावरची बाभूळ

सोलापूर

चि. बाळास,



टॉवेलच्या कारखान्यातली नोकरी सोडून झाडं विकत घेऊन तोडायची, असं तू लिहिलंस. तुला समजाव म्हणून ताईचा फोन आला होता. मी अडवणार नाही. आपल्या लाकडाच्या वखारीची वही तुझ्या काकांच्या हयातीतही मीच लिहायचे, आजही लिहिते. या धंद्यावर घर चालतं, हे मी जवळून पाहिलं आहे. पण तुझ्या पत्रात सगळं पेट्रोलच्या कटरबद्दलच आहे. कटर चालवणं शिकता येतं. पैसा ठरतो तो मशीन सुरू होण्याआधी, बांधावर उभं राहून किंमत बोलताना.

सौदा उक्ता होतो. इसार दिला की झाड तुझं, आतून पोकळ निघालं तरी तुझंच. म्हणून आधी बुंध्याभोवती फीर. मुळाशी किड्याने पाडलेला भुसा दिसतो का, कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकल्यावर आवाज बद्द येतो का, ते बघ. बांधावरच्या बाभळीला कुणीतरी कधीकाळी तार गुंडाळलेली असते. साल वाढत जाऊन ती तार गिळते आणि बाहेर नुसती एक आडवी वळी उरते. तिच्यावर चेन गेली तर दात जातात, आणि चेन तुटून उडाली तर अंगावर येते. काका अशा वळीवर बोट फिरवत आणि तेवढा ओंडका हिशेबातून वजा करत. शिवाय आज तोडलेलं ओलं लाकूड वाळलं की वजनाला बरंच उतरतं. बेकरीवाले आणि बॉयलरवाले वाळलेलंच मागतात, म्हणजे तुझे पैसे तोवर अडकले. किंमत बोलायची ती वाळल्यानंतरचं वजन मनात धरून.

कागदाचं बघ. 1964 च्या वृक्षतोड कायद्यात चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं अनुसूचित आहेत. ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. शहराच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरणाला विचारावं लागतं, तो कायदा 1975 चा. शेतकरी म्हणेल, मी बघतो. तू कागद हातात आल्याशिवाय इसार देऊ नकोस.

सुरुवात वेडी बाभूळ घेऊन कर, असं मला मनापासून वाटतं. ती मूळची अमेरिका खंडातली, इथे पडीक रानं आणि ओढे भरून राहिली आहे. माळावर ती पसरली की गवत मरतं. शेतकऱ्याला ती नकोच असते, आणि जळणाला चांगली चालते. फक्त नान्नजकडे जाशील तेव्हा माळढोक अभयारण्याची हद्द आधी विचारून घे. 1979 पासूनचं ते अभयारण्य, तिथली काटकीसुद्धा आपली नाही. आणि विहिरीवरच्या ज्या बाभळीला सुगरणींचे खोपे लोंबतात, ती मालक विकत असला तरी सोडून दे. एवढं माझ्यासाठी कर.

मजुरांबद्दल मात्र मी हट्टानेच सांगते. कोळसा पाडायला रायगडकडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन लांबलांब नेली जातात. उचल फिटत नाही आणि पोरांची शाळा सुटते. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, तरी हे होत राहिलं. तू उचलीवर माणूस बांधायचा नाही. संध्याकाळी रोजची मजुरी रोज हातात द्यायची. तेवढं जमत नसेल तर त्या दिवशी काम काढू नकोस.

नोकरी सुटली की ईएसआयचं छत्र जातं. आणि झाड कसं पडेल ते झाडाच्या मनावर, त्यामुळे झाड पाडायचं त्या बाजूलाच खाच मारली तरी मागे पळायची वाट आधी मोकळी कर. वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा तुझा आणि मजुरांचा, दोन्ही उतरव. अपघाती मृत्यूला त्यात 2 लाख मिळतात. आजारपणाचं त्यातून काही भागत नाही, त्यासाठी वेगळे पैसे ठेव. पीएफला हात लावून कटर घेऊ नकोस, आधी भाड्याने आण.

आणि जूनमध्ये राजीनामा द्यायचा विचार सोड. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, काळ्या रानात ट्रॉली रुतते, दिवाळीपर्यंत गाडी बांधाला लागत नाही. तेवढे महिने पगार घरात येऊ दे. सूनबाईशी घरखर्चाचा हिशेब बसून कर, तिचं म्हणणं मला कळव. सुट्टीच्या दिवशी इकडे ये. मोहोळच्या बाजूला एकाने तीन बाभळी दाखवल्या आहेत, त्यांची किंमत आधी तू सांग, मग मी माझी सांगते.

तुझी,
मावशी