ऊन आणि धूप

झाशीत पौषातले ऊन ही वाट पाहण्याची गोष्ट असते. मे महिन्यात याच गावात पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो आणि दुपारी रस्त्यांवर चिटपाखरू दिसत नाही. पण जानेवारीतल्या एखाद्या रविवारी धुके विरून दहाच्या सुमारास गच्चीवर ऊन उतरले, की घरातली माणसे एकेक करून वर येऊ लागतात. रजया कठड्यावर पडतात, मटाराच्या शेंगांची रास सतरंजीवर ओतली जाते. मुगाचे सांडगे वाळत घातले जातात. शेजारीण त्यांना मुगोडी म्हणते आणि या घरातही आता बहुधा तेच म्हणतात.

जुन्या शहरातल्या, खंडेराव दरवाजाच्या आतल्या अशाच एका मराठी घराच्या गच्चीवर या उन्हाला दोन नावे आहेत. आजी म्हणते, ‘उन्हात बस.’ नात म्हणते, ‘आजी, मी धुपातच बसले आहे.’ पुण्याहून आलेला पाहुणा अशा वेळी धुपाटणे शोधू लागतो. गंमत इथेच संपत नाही. हिंदीत ऊन म्हणजे लोकर. आणि आजीच्या मांडीवर नातीसाठी विणायला घेतलेल्या स्वेटरचा गुंडा असतो. तेव्हा ‘ऊन इकडे दे’ या वाक्याचा अर्थ बोलणाऱ्याचे वय पाहूनच लावावा लागतो.

मराठी माणूस या गावाला नवा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नारो शंकरांनी येथे पेशव्यांचा अंमल बसवला, शहर वाढवले आणि दक्षिणेतली कुटुंबे आणून वसवली. पुढे नेवाळकरांची सुभेदारी आली, संस्थान झाले. 1853 मध्ये गंगाधरराव वारले, 1854 मध्ये संस्थान खालसा झाले आणि 1858 च्या वेढ्यात शहर जळाले, लुटले गेले. त्या दिवसांत वरसईचे विष्णुभट गोडसे येथेच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये चिं. वि. वैद्य यांनी छापून आणला. झाशीचा इतिहास म्हणून लोक त्यातली लढाई वाचतात. या घरातले आजोबा मात्र राणीने केलेल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाची पाने पुन्हा पुन्हा काढतात. कदाचित त्यांचेच बरोबर असेल. राज्य गेल्यानंतरही मराठीपण जर कोठे उरले असेल, तर ते अशा घरगुती गोष्टींतच उरले.

नातीला ते पुस्तक वाचता येते. लिपी तीच, त्यामुळे ती घडाघडा वाचते. अर्थ मात्र आजोबांना विचारते. डोळ्यांना भाषा येते आणि कानांना येत नाही, अशी ही अवस्था आहे. अडते ते एका अक्षरापाशी. हिंदीत नसलेला ‘ळ’ तिच्या जिभेवर टिकत नाही. संक्रांतीची गुळपोळी तिच्या तोंडी ‘गुडपोली’ होते आणि मग सारी गच्ची हसते.

त्या रविवारी मात्र हसणे थोडे आवरले गेले. शाळेचा एक अर्ज सोमवारी द्यायचा होता आणि त्यात मातृभाषेचा रकाना होता. वडिलांनी पेन काढले आणि ‘हिंदी’ लिहिण्यासाठी टेकवले. त्यांचे म्हणणे सरळ होते : मुलगी हिंदीत शिकते, हिंदीत भांडते, झोपेतही हिंदीच बरळते, उगाच खोटे कशाला? आजी काही बोलली नाही. तिच्या सुया तेवढ्या थांबल्या. आजोबांनी चष्मा पुसला. दोघांनाही ठाऊक होते, की शब्दाचा काटेकोर अर्थ घेतला तर मराठीचा हक्क त्याहून दुबळा आहे. कारण मुलीची आई बुंदेली. तिचे माहेर मऊरानीपूरच्या बाजूचे, आणि मराठी ती या घरात आल्यावर शिकली.

मटार सोलता सोलता तीच बोलली. ‘हिंदी तिला शाळा देईल, बुंदेली गल्ली देईल आणि मीही देईनच. मराठी देणारी या गावात तिला हीच दोन माणसे आहेत. मराठी लिहा.’

तिच्या बोलण्यातला ‘ळ’ स्वच्छ असतो. कष्टाने मिळवलेली अक्षरे तशी असतात.

‘आणि तिला येत नाही ते?’ वडिलांनी विचारले.

‘मलाही येत नव्हते.’

पेन काही वेळ तसेच राहिले. मग त्यांनी अर्ज मुलीपुढे सरकवला आणि तिलाच लिहायला सांगितले. तिने कागद गुडघ्यावर धरला, एकदा आजीकडे, एकदा आईकडे पाहिले आणि ‘मराठी’ असे लिहिले. मग, आपले काम झाले अशा आविर्भावात, तिने सोललेल्या मटाराची मूठ तोंडात कोंबली.

एव्हाना गच्चीचा अर्धा भाग सावलीत गेला होता. सतरंजी हातभर सरकवावी लागली; सांडग्यांचे ताट त्याआधीच हलवले गेले होते.