शिळ्या कढीला ऊत

आमच्या घरात भांडणे फारशी होत नाहीत. होतात ते वाद, आणि तेही हटकून जेवणाच्या वेळी. चिरंजीव अकरावीला आहेत, शास्त्रशाखेला. बाप मराठीचा प्राध्यापक असल्याचा सूड त्यांनी असा उगवला, असे माझे मत आहे. सौभाग्यवतींचे मत निराळे आहे. पण त्यांचे मत निराळे असणे ही आमच्या संसारातली नित्याचीच गोष्ट असल्यामुळे मी ते येथे सांगत नाही.

त्या रात्री पानात वांग्याचे भरीत होते, कळण्याची भाकरी होती आणि कढी होती. जळगावच्या माणसाला याहून अधिक काही लागत नाही. अशा प्रसन्न वेळी चिरंजीव म्हणाले, "बाबा, काल 'रोबोकॉप' पाहिला. भारी आहे!"

"कोणता?" मी विचारले. "१९८७ चा की २०१४ चा?"

"नवा. जुना कोण बघतं?"

झाले! माझा भाकरीचा घास हातातच राहिला. जुना 'रोबोकॉप' हा माझ्या बालपणाचा ठेवा. डेट्रॉईट शहरातला तो मर्फी नावाचा पोलीस, गुंडांनी त्याची केलेली चाळण, मग एका कंपनीने त्याचे उरलेसुरले शरीर लोखंडात बसवून केलेला तो यंत्रपोलीस! मी चांगले वीस मिनिटांचे व्याख्यान दिले. १९९० साली जी कथा मंगळावर गेली होती, ती 'टोटल रिकॉल'ची कथा २०१२ साली पुन्हा काढली तेव्हा मंगळावर गेलीच नाही, हे तिकीट काढून गाडीत न बसण्यासारखे झाले, असेही मी सांगितले. 'किंगकाँग' १९३३ साली एकदा मनोऱ्यावर चढून पडला, तेवढे पुरे नव्हते म्हणून त्याला १९७६ साली आणि २००५ साली पुन्हा चढवून पुन्हा पाडला, असा दाखलाही दिला. शेवटी वर्गात तास संपवताना देतो तसा निकाल दिला, "या सगळ्या शिळ्या कढीला आणलेला ऊत आहे!"

"अहो," सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या वाटीतली कढी सकाळचीच आहे. दुसऱ्यांदा मागून घेतलीत."

चिरंजीवांना जो ठसका लागला तो पाणी पिऊनही थांबेना. सौभाग्यवतींनी मात्र विषय पुढे नेला. "शिळी कढी तापवणं सोपं नसतं. मोठा जाळ केला की फाटते. मंद आचेवर सारखी ढवळावी लागते, आणि वरून ताजी फोडणी द्यावी लागते. ऊत आणला की संपलीच!"

म्हणींचा अर्थ मी वीस वर्षे शिकवत आलो आहे. ही म्हण स्वयंपाकघरात काय सांगते, हे त्या दिवशी प्रथम कळले.

वादाचा निकाल लावण्यासाठी येत्या रविवारी जुना 'रोबोकॉप' चिरंजीवांना दाखवायचा असे ठरले. आणि तो पाहताना माझीच फजिती झाली. ती कशी, हे सांगायचे तर मला धुळ्याला जावे लागेल.

आमचे मूळ घर धुळ्याचे. धुळ्यातल्या गल्ल्या नावांपेक्षा नंबरांनी ओळखतात, हे खानदेशाबाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल. मी दहा-अकरा वर्षांचा असताना गणेशोत्सवात गल्लीत वर्गणी काढून व्हिडिओ आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणीत. रात्रभरात तीन-चार चित्रपट पाहायचे, आणि पहाटे पांझरेवरचा वारा अंगावर घेत घरी जाऊन झोपायचे, असा कार्यक्रम. अशा एका रात्री दोन हिंदी चित्रपटांच्या मध्ये 'रोबोकॉप'ची कॅसेट लागली. भाषा इंग्रजी. गल्लीत ती कोणालाच नीटशी येत नव्हती. पण कॉलेजात जाणारा एक दादा होता. तो पुढे बसून मोठमोठ्याने अहिराणीत सगळे समजावून देऊ लागला. यंत्रपोलीस आपल्या जुन्या घरी जातो, घर रिकामे असते, तो ओक्याबोक्या खोल्यांतून हिंडतो. दादाने जाहीर केले, "बायको माहेरले गयी!"

आम्ही सर्वांनी हळहळ व्यक्त केली. ती आपल्या भावांना घेऊन येईल आणि मग खरी मारामारी होईल, म्हणून आम्ही शेवटपर्यंत वाट पाहिली.

आता पस्तीस वर्षांनी चिरंजीवांच्या शेजारी बसून पाहतो तो काय, ते घर विकायला काढलेले आहे! नवरा मेला असे समजून ती बिचारी मुलाला घेऊन दुसरीकडे निघून गेली आहे. माहेरचा कोठे पत्ताच नाही. निम्मा चित्रपट मला अनोळखी वाटला. ज्याला मी इतकी वर्षे 'मूळ' म्हणत आलो, ते मूळ मी पाहिलेच नव्हते. मी पाहिला होता तो आमच्या गल्लीतल्या दादाचा 'रोबोकॉप'. आणि खरे सांगू? मला अजूनही तोच अधिक आवडतो.

मग नवाही पाहिला. न्याय करायचा तर तो अगदीच टाकाऊ नाही. जुन्यात मर्फी स्वतःला विसरलेला असतो आणि हळूहळू आठवू लागतो. नव्यात त्याला पहिल्यापासून सगळे आठवते, बायको-मुलगा समोर असतात. पण लढाईच्या वेळी निर्णय यंत्र घेते आणि त्याला मात्र वाटते की आपणच घेतला. आजच्या काळाला हा प्रश्न लागू आहे खरा. हातातल्या फोनने सुचवलेली वस्तू विकत घेऊन ती आपणच निवडली असे समजणारे आम्ही! चिरंजीवांनी हा मुद्दा मांडला तेव्हा मी नुसती मान हलवली. प्राध्यापकाने मान हलवली म्हणजे ती शरणागतीच समजावी.

आणि मी तरी कोणत्या तोंडाने नव्याला नावे ठेवावीत? माझा सारा धंदाच शिळ्या कढीचा. मोरोपंतांनी १०८ रामायणे रचली असे परंपरा सांगते. एकच गोष्ट एकशे आठ वेळा! त्यात एक निरोष्ठ रामायण आहे. ओठ मिटून उच्चारायचे प, फ, ब, भ, म यांपैकी एकही अक्षर त्यात यायचे नाही. म्हणजे रामाची सगळी कथा सांगायची, पण 'राम' म्हणायचे नाही! हे मी वर्गात मोठ्या कौतुकाने सांगतो. देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' केला, पु. लं.नी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' केली, हेही सांगतो. फाळक्यांनी १९१३ साली मुका हरिश्चंद्र दाखवला, आणि १९३२ साली शांतारामबापूंनी 'अयोध्येचा राजा'त त्याला बोलायला लावले. तेव्हा शिळी कढी म्हणून कोणी नाक मुरडले नाही. उलट राजा बोलतो कसा हे पाहायला लोक धावले.

इतके सगळे ठाऊक असूनही २०१४ साली मी एक चूक केली.

त्या वर्षी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची नाट्यशाखा माझ्याकडे होती. एक दिवस प्रथम वर्षाचा एक मुलगा वही घेऊन आला. एरंडोलकडच्या खेड्यातून रोज एस.टी.ने येणारा, मागच्या बाकावर बसणारा. म्हणाला, "सर, अहिराणी एकांकिका लिहिली आहे. 'रोबोकॉप'वरून." मी उभ्याउभ्याच पाने चाळली. गावचा वायरमन खांबावर विजेचा धक्का लागून मरतो. एक कंपनी त्याच्या देहात यंत्र बसवते आणि त्याला थकबाकीदारांच्या वीजजोडण्या तोडायला पाठवते. फिरत फिरत तो आपल्याच घरी येतो. घरच्या बिलाचीही थकबाकी असते. दार उघडते ते त्याची म्हातारी आई. ती त्या लोखंडाकडे पाहते आणि शेजाऱ्यांना सांगते, "हाऊ मना आंडोर शे." मग त्याला म्हणते, "पहिले जेवाले बस."

मी वही मिटली आणि म्हणालो, "ही नक्कल आहे. इंग्रजी सिनेमाची. स्वतःचं काहीतरी लिही."

तो "बरं सर" म्हणाला आणि गेला. त्या संमेलनात आम्ही 'ती फुलराणी'तला प्रवेश केला. टाळ्या पुष्कळ पडल्या. पुढच्या वर्षी तो मुलगा कॉलेजात दिसला नाही. खानदेशातून दरवर्षी कितीतरी मुले सुरतेला कामाला जातात. त्याच्याविषयी मी चौकशी केली नाही.

हे सगळे मी विसरलो होतो. आठवण करून दिली ती मालेगावाने. धुळ्याहून आग्रा रस्त्याने मालेगाव अवघे पन्नासेक किलोमीटर. पूर्वी तेही खानदेशातच मोडे. आता नाशिक जिल्ह्यात आहे. यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद असतात, आणि तो दिवस सिनेमाचा. तेथे नासिर शेख नावाचा, व्हिडिओ पार्लर चालवणारा एक गृहस्थ. त्याने साध्या कॅमेऱ्याने 'मालेगाव के शोले' काढला. डाकूंना घोडे कोठून आणायचे? सायकली दिल्या. क्रेन नाही तर बैलगाडी. मग त्याने 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. शफीक नावाचा हडकुळा यंत्रमाग कामगार सुपरमॅन झाला आणि हिरव्या पडद्यापुढे हात पसरून उडाला. त्या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. शफीक पुढे थोड्याच वर्षांत कर्करोगाने गेला. त्याच हकीकतीवर रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला. म्हणजे पाहा, नक्कल करणाऱ्यांच्या गोष्टीवर गोष्ट, आणि त्या गोष्टीवर पुन्हा गोष्ट!

तो चित्रपट आम्ही तिघांनी पाहिला. लोक हसत होते, मीही हसत होतो. पण तो काडीसारखा माणूस उडू लागला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकदम ती वही आली. मालेगावच्या माणसांना अमेरिकेची बरोबरी करायची नव्हती. सुपरमॅन आपल्या गल्लीत आला तर त्याचे काय होईल, एवढेच त्यांना पाहायचे होते. त्या मुलाने तरी दुसरे काय केले होते?

घरी आल्यावर मी हे सांगितले. सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. चिरंजीव म्हणाले, "मग फोन करा ना त्याला."

धीर यायला मला काही महिने लागले. त्याच्या बरोबरच्या एका विद्यार्थ्याकडून नंबर मिळाला. तो सुरतेलाच होता, विजेची कामे करीत होता. मी नाव सांगताच "सर, तुम्ही?" म्हणून आनंदला. मी वहीचा विषय काढला. तो हसला. "ती कधीच पावसात भिजली, सर."

"मी तिला नक्कल म्हटलं होतं," मी म्हणालो. "ते चुकलं माझं."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "माझे वडील वायरमनच होते ना, सर. खांबावरच गेले. मी बारावीला होतो तेव्हा. तो सिनेमा मी पाहिला आणि आईला गोष्ट सांगितली. तर आई म्हणाली, असा लोखंडाचा होऊन का होईना, परत आला असता तरी चाललं असतं. म्हणून लिहिलं होतं."

वीस वर्षे शिकवून माझ्याजवळ त्याला द्यायला एक वाक्य नव्हते. वर्षभर तो माझ्या वर्गात बसला, आणि त्याचे वडील काय करतात हे मी कधी विचारले नव्हते.

त्यानेच मला सोडवले. म्हणाला, "पण सर, गोष्ट मला पाठ आहे. फक्त शेवट बदलला आता. तेव्हा मी मुलाच्या जागी होतो, आता मला मुलगी आहे. आता तो वायर कापतो. कामच आहे ना त्याचं. पण जाताना ओट्यावर कंदील पेटवून ठेवतो."

आता रात्री जेवणे झाली की आठवड्यातून एकदा त्याचा फोन येतो. तो अहिराणीत सांगतो, मी लिहून घेतो. कारण त्याला दिवसभराच्या कामानंतर लिहिण्याचे त्राण नसते. काही शब्द मला अडतात. ते धुळ्याला आईला विचारावे लागतात आणि तिचे हसणे ऐकून घ्यावे लागते. डिसेंबरातल्या संमेलनासाठी मी समितीपुढे एकांकिकेचे नाव दिले आहे. एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "सर, हे इंग्रजी सिनेमावरून घेतलंय ना?" मी म्हणालो, "हो. आणि एरंडोलकडच्या एका घरावरून."

परवा अर्धा प्रवेश वाचून दाखवला तेव्हा चिरंजीवांनी कंदिलाच्या प्रकाशाची व्यवस्था आपल्याकडे घेतली. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्यांचे मत मी विचारले.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "घाई करू नका. आच मंद ठेवा."