तीस सेकंद थांब, मग चालू हो

आपल्या आदिलाबादच्या कापूसवाल्या घरांना सीझन म्हणजे काय ते सांगायला नको. एका जिनिंगमध्ये मी कम्प्युटर बघायचो. काट्यावर गाडी चढली की वजनाची पावती काढणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर चालायचा. लाइट जाऊन आली की तो आपोआप सुरू व्हावा म्हणून मी शेल स्क्रिप्ट लिहिली होती, साठेक ओळींची. तीस सेकंद थांब, तोवर डेटाबेस उठला असेल. मग प्रोग्रॅम चालू कर आणि त्याचा प्रोसेस नंबर एका फाइलीत लिही. ती फाइल आधीच दिसली तर समज, प्रोग्रॅम चालूच आहे.

२०१५ च्या सीझनला बाबांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. ऑपरेशनच्या सकाळीच शेठचा फोन, "लाइट जाऊन आली, पावती निघत नाही. गाड्यांची लाइन रोडपर्यंत गेली." मला लगेच कळलं. लाइट अचानक गेल्यानं नंबराची जुनी फाइल तशीच राहिली होती. ती बघून स्क्रिप्ट गप्प बसली होती. काट्यावरच्या पोराला फोनवर एकेक अक्षर सांगण्यात अर्धा तास गेला. वळून बघतो तर बाबांना आत नेलं होतं.

बाबा बरे होऊन घरी आले. ते काही बोलले नाहीत. आई मात्र म्हणाली, "दुसऱ्या कोणाला समजेल असं करून ठेवता येत नाही का रे?"

पुढल्या वर्षी दसऱ्याला आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्याच सुमारास सर्व्हरवर डेबियन ८ टाकलं. त्यात सिस्टिमडी आलं. त्यावरून जगभर भांडणं झाली होती. डेबियनच्या तांत्रिक समितीत २०१४ मध्ये अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल लागला. मीही स्क्रिप्टवालाच. स्क्रिप्टमध्ये काहीही करता येतं, याचा अभिमान होता.

नवी फाइल बारा ओळींची. हा प्रोग्रॅम चालव, डेटाबेसनंतर, पडला तर परत उठव. काय हवं तेवढंच लिहायचं. चालू आहे की नाही ते सिस्टिम स्वतः बघते, नंबराची फाइल लागत नाही. छापून काट्याच्या खोलीत भिंतीला लावली.

त्या सीझनला प्रोग्रॅम दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावा लागला. पोरानं एक ओळ बदलली आणि संध्याकाळी सहज सांगितलं, "अन्ना, झालं."

थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवाळीत मी बाबांसोबत पूर्ण जेवण जेवलो, फोन बाजूला ठेवून.