एंगेलबर्गचा उन्हाळी हंगाम

स्वित्झर्लंडच्या मध्यभागी, ल्यूसर्न शहरापासून आगगाडीने पाऊण तासाच्या अंतरावर, एंगेलबर्ग नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ ‘देवदूतांचा डोंगर’. सुमारे 1,000 मीटर उंचीवरील या खोऱ्यात 1120 साली बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंनी मठ स्थापन केला आणि तो आजही नांदता आहे. भोवती हिरवी कुरणे, त्यांवर सूचिपर्णी वृक्षांची राने आणि सर्वांच्या माथ्यावर 3,238 मीटर उंचीचे टिटलिस शिखर. तेथील बर्फापर्यंत नेणारी, वर जाता जाता स्वतःभोवती फिरणारी केबल कार 1992 पासून सुरू आहे. भारतीय प्रवाशांना हे गाव परके नाही. शाळांना सुट्ट्या लागल्या की मे-जूनमध्ये मुंबई, पुणे, अहमदाबादचे जथे येथे उतरतात. वर शाहरुख खान व काजोल यांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमांशेजारी छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळी हॉटेलात परतून वरणभाताची चौकशी करतात.

या गावाचे सारे जीवन हंगामावर चालते. उन्हाळ्यात गाई वरच्या कुरणांवर चढतात आणि सप्टेंबरअखेर फुलांचे मुकुट बांधून, घंटा वाजवीत खाली उतरतात. हॉटेलांचेही तसेच. उन्हाळी हंगाम संपला की काही हॉटेले काही आठवडे बंद राहतात व बर्फ पडू लागला की पुन्हा उघडतात. साहजिकच नोकरवर्गही हंगामापुरता येतो. त्यांत पोर्तुगीज असतात, इटालियन असतात, आणि हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यालयांतून प्रशिक्षणासाठी आलेले विद्यार्थीही असतात.

अशाच एका उन्हाळ्यात सांगलीच्या हळद-बाजारातील एका अडत व्यापाऱ्याची मुलगी येथे प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल झाली. ल्यूसर्नच्या विद्यालयात तिचे शिक्षण चालू होते व अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही महिने हॉटेलात काम करणे आवश्यक होते. दरमहा दोन हजार फ्रँकांहून थोडे अधिक वेतन ठरले. खोली, जेवण, विमा व कर वजा जाता हाती उरणारी रक्कम मोठी नव्हती. तरी शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याला तिचा आधार होता.

कामाची शिस्त तिने प्रथम पाहिली ती तासांच्या नोंदीत. त्या देशात हॉटेल व्यवसायासाठी राष्ट्रीय पातळीवरचा सामूहिक करार आहे. त्यानुसार हंगामी हॉटेलांत आठवड्याचे काम साडेत्रेचाळीस तासांचे, सुट्टीचे दिवस दोन. रोजचे तास लिहिले जातात आणि महिनाअखेर कामगार त्यावर सही करतो. दुपारची जेवणे आटोपल्यावर रात्रीच्या पाळीपर्यंत जी मोकळीक मिळते, तिला तिकडे ‘त्सिमरश्टुंडे’, म्हणजे खोलीतील विश्रांतीची वेळ, असे नाव आहे. त्या वेळात ती घरी फोन करी.

घरच्यांची चिंता एकच होती: पोरगी खाते काय? तिच्या स्वतःच्या आहाराचा प्रश्न फारसा कठीण नव्हता. न्याहारीला बिर्खर म्यूस्ली असे. झुरिचचे डॉक्टर बिर्खर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रुग्णांसाठी योजलेला हा सफरचंद व ओटचा पदार्थ. डॉक्टर स्वतः फळे व कच्च्या शाकाहाराचे पुरस्कर्ते होते. जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळत असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवण्याची अडचणही नव्हती. कठीण होते ते दुसऱ्यांची ताटे वाहणे. स्वयंपाकघराऐवजी वाढपाचे काम तिने मागून घेतले, परंतु वाढप म्हटले की सामिष ताटही हाती येणारच. तिने ते नेले. ‘करणे, करविणे व अनुमोदणे’ यांतील सीमारेषा नेमकी कोठे येते, हा प्रश्न तिने फोनवर वडिलांना विचारला. वडील क्षणभर थांबून म्हणाले, “बाळ, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. तू विचारतेस, एवढं मला पुरे आहे.”

खरी कसोटी आली ती वेगळ्याच दिशेने. सुट्टीच्या दिवशी ती मठाच्या आवारातील चीजघर पाहावयास गेली. तेथे काचेआड चीज तयार होताना प्रवाशांना पाहता येते. दूध घट्ट कशाने होते, असे तिने विचारले, तेव्हा ‘रेनेट’ हा शब्द प्रथम तिच्या कानी पडला. दूध पिणाऱ्या वासराच्या जठरातून काढलेले ते पाचकद्रव्य. ग्रुयेरसारख्या परंपरागत चीजच्या नियमावलीत हेच प्राणिज रेनेट ठरलेले आहे. भारतात हिरव्या ठिपक्याचे चीज घेणाऱ्या घरातील मुलीला याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. फाँड्यू हा वितळलेल्या चीजचा पदार्थ ती स्वतः खात होती आणि भारतीय पाहुण्यांनी विचारल्यास “शाकाहारी आहे” असे निःशंक सांगत होती.

त्या आठवड्यात चाळीस प्रवाशांचा गट उतरला होता. निम्मी कुटुंबे जैन होती. सहलीच्या व्यवस्थापकाने तिला बाजूस घेऊन सुचविले की, लोक सुट्टीवर आले आहेत, नसते विषय काढू नयेत. ती तडक वाढप-विभागाच्या प्रमुख बाईंकडे गेली. त्यांना अहिंसेचे तत्त्व ठाऊक नव्हते. परंतु त्या देशात मांस कोठून आले हे पाहुण्यास कळवावे लागते, ॲलर्जी आणणारे घटक सांगावे लागतात. पाहुणा काय खातो हे त्याला कळलेच पाहिजे, यात त्यांना वाद वाटला नाही. संध्याकाळी फाँड्यूच्या टेबलावर इंग्रजीत छोटी पाटी लागली: ‘या चीजमध्ये प्राणिज रेनेट आहे.’

काहींनी ताट सरकविले, काहींनी वाचूनही खाल्ले. सोलापूरकडच्या एका आजींनी मात्र तिला जवळ बोलावले. “अगं, तीन दिवस आम्ही हेच खाल्लं. आज कशाला सांगितलंस? न सांगतीस तर पाप तुझं होतं. आता ते माझ्या मनाला लागलं.” ती म्हणाली, “आजी, मलाही कालच कळलं.” आजी उत्तरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी डब्यातले खाकरे तिच्या हाती ठेवले, एवढेच.

पुढील गटांसाठी मुख्य आचाऱ्याने सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे चीज मागविले. युरोपात काही वेष्टनांवर पिवळ्या रंगात इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचे शाकाहारी चिन्ह असते. ते असल्यास चीजमध्ये प्राणिज रेनेट नसते. कांदा-लसूण नको, हे जर्मन भाषेत ‘ओने त्स्वीबेल्न, ओने क्नोब्लाऊख’ असे सांगावे. आल्प्सच्या परिसरातील अनेक पारंपरिक पदार्थांत बटाटा, कांदा व चीज असल्याने आपल्या कुटुंबांनी तेथे केवळ ‘व्हेज’ म्हणून थांबू नये. कशाकशाचे बनविले आहे, हे विचारावे. विचारल्याचा तेथे कोणी राग मानीत नाही.

सप्टेंबरअखेर गाई खाली उतरल्या व हंगाम संपला. स्विस कायद्याप्रमाणे प्रत्येक कामगारास कामाचे प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आहे. तिच्या प्रमाणपत्रात वक्तशीरपणा व भाषाज्ञान यांच्या उल्लेखानंतर एक ओळ होती: पाहुण्यांना ती अचूक माहिती देते. सांगलीत वडिलांनी त्या कागदाची प्रत दुकानात, काट्यामागच्या भिंतीवर लावली.