दावं

2024 सालची दिवाळीची सुट्टी लागली आणि मी माहेरी सुरगाण्याला आले. नाशिकला मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्षभर कान गाड्यांच्या आवाजाला सरावलेले, म्हणून सुरगाण्यातली पहिली रात्र मला नेहमी फार शांत वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पाड्यावरचे काका उभे होते. हातात सुताची दोरी. त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली आणि अब्बांना म्हणाले, "भाई, तुमचा बोकड वाघानं नेला. हे दावं तुमचं."

आमच्या मुलखात बिबट्यालाही वाघच म्हणतात. आमच्या घरात अब्बा त्याला चीता म्हणतात. आपल्या बोलीत ही सरमिसळ जुनीच. खरा चीता आपल्या देशातून नाहीसा झाल्याचं 1952 साली जाहीर झालं आणि 2022 च्या सप्टेंबरात नामिबियातून आणलेले चीते मध्य प्रदेशात कुनोला सोडले, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. घरी मात्र कोणी ऐकत नाही.

काका कोकणा समाजाचे. अब्बांचं बाजारात किराण्याचं छोटं दुकान आणि काकांकडे आमच्या शेळ्या अर्धलीनं. म्हणजे शेळी आमची, चारा-राखण त्यांची, होणाऱ्या करडांत निम्मा वाटा. माझ्या लहानपणापासून हा व्यवहार चालू आहे आणि त्याचा कागद कधी झाला नाही. हा बोकड मात्र अब्बांनी येत्या बकरी ईदच्या कुर्बानीसाठी राखला होता. अंगानं भरलेला, शिंगं शाबूत, कुठं खोट नाही.

अब्बांनी दोरी उचलून उलटसुलट पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रस्सी तो सलामत है. बकरा कैसा गया?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला आपली अक्कल दाखवायची घाई असते. मी काकांना युसूफ अलैहिस्सलाम यांची हकीकत सांगितली. भावांनी त्यांना विहिरीत टाकलं आणि रडत घरी येऊन लांडग्यानं खाल्लं म्हणून सांगितलं. रक्तानं माखलेला कुर्ता पुढे केला. पण कुर्ता कुठंही फाटलेला नव्हता आणि हजरत याकूबांना खोटं कळून चुकलं. मी हे हसत हसत सांगितलं. अर्थ मात्र उघड होता. सणाचे दिवस, हद्दीपलीकडे गुजरातचे बाजार, बोकडाला गिऱ्हाईक मिळायला कितीसा वेळ!

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो पोरगा जिवंत होता का, बाई?"

"होता."

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि खरंच त्यांना बरं वाटलेलं दिसलं. जाता जाता त्यांनी अब्बांना विचारलं, "जंगलखात्याला सांगू का?" अब्बा म्हणाले, "थांब. आधी खरं काय ते कळू दे."

अम्मी आतून चहा घेऊन आली तेव्हा ते गेले होते.

दोन दिवसांनी मी भावाच्या मोटारसायकलवर पाड्यावर गेले. खरं सांगायचं तर तपासायलाच गेले. त्या दिवशी वाघबारस होती. बाहेर वसुबारस म्हणतात तोच दिवस. आमच्याकडचे आदिवासी त्या दिवशी शिवेवरच्या वाघदेवाला पुजतात. त्याच्या खांबावर वाघ, नाग, चंद्र-सूर्य कोरलेले असतात. गुराखी पोरं घरोघर धान्य मागतात, रानात रांधतात, वाघदेवाला नैवेद्य दाखवतात आणि आमची गुरं सांभाळ म्हणून विनवतात. आम्ही पोहोचलो तेव्हा काकांच्या घरून नुकतीच सुपातून नागली देऊन झाली होती. ज्यानं बोकड नेला त्याच्याच नावानं!

गोठ्याचा कारवीचा कूड एका बाजूनं आत दबलेला होता. काका म्हणाले, रात्री बोकड बांधत नाही, मोकळाच असतो, दावं खुंटीला. ते दावं त्यांनी आणून दिलं, कारण ते आमचं होतं. एवढं साधं उत्तर मला दारात सुचलं नव्हतं आणि त्यांना ते सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

ओहोळाच्या चिखलात पंजे उमटलेले होते. कुत्र्याच्या पावलात नखं दिसतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, इथं डोळ्यांनी पाहिलं. नखं नव्हती. पलीकडे झुडपात केस, दोन खूर आणि कातड्याचा तुकडा पडला होता. अब्बांनी मेंदीनं केलेली खूण त्यावर दिसत होती. भाऊ म्हणाला, "आपा, अब घर चल."

पण काकूंनी आम्हाला थांबवलं. त्याच रात्री त्यांची स्वतःची गाभण शेळीही गेली होती. नरडीला दात लागून गोठ्याच्या दारातच मेलेली. काकांनी आमच्या दारात तिचा उल्लेखही केला नव्हता. अब्बांनी थांब म्हटलं म्हणून ते थांबले. एक दिवस तिला कुत्र्यांपासून राखली, वास सुटल्यावर पुरली.

नुकसानभरपाईचा नियम मला माहीत होता. घटना घडल्यापासून 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही. आमच्या संशयातच ते तास निघून गेले होते. त्यांच्या शेळीचे पैसे बिबट्यानं नाही, आम्ही बुडवले.

अब्बांना घरी येऊन सांगितलं. ते बराच वेळ दुकानाच्या फळीवर बसून होते. दुसऱ्या दिवशी स्वतः पाड्यावर गेले, शेळीची किंमत देऊ लागले. काकांनी घेतली नाही. उरलेल्या आमच्या शेळ्याही त्यांनी सोबत धाडून दिल्या. भांडण नाही, शब्द नाही. "आता राखण होत नाही, भाई," एवढंच.

भाऊ म्हणे, पिंजरा लावून त्याला लांब नेऊन सोडायला हवा. सगळ्यांना हेच सुचतं. जुन्नरकडे 2000 नंतर असे कितीतरी बिबटे पकडून दुसऱ्या रानात सोडले, तर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासून मांडलं आहे. 2009 मध्ये त्यांनी गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' तर शंभराहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या बाजूला पोहोचला. त्याच्यावर पुढे सिनेमाही आला. आमच्या सुरगाण्यात रान आहे, तिथं तो असणारच. पण आमचे लोक मजुरीला दिंडोरी-निफाडला जातात, तिथंही तो भेटतो. कालव्याचं पाणी आलं, ऊस झाला, उसात आडोसा, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. उसात जन्मलेल्या बिबट्यानं जंगल पाहिलेलंच नसतं. कुठलं रान त्याचं म्हणायचं?

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. लोकांचा संताप सगळ्यांनी पाहिला. पाठोपाठ नाशिक शहरातच बिबट्या शिरला, काही जण जखमी झाले. शाळेत आया मुलांना घ्यायला लवकर येऊ लागल्या. मोबाईलवर तर रोज नवा बिबट्या. त्यातली कितीतरी चित्रं संगणकावर बनवलेली, खोटी. वर्गातल्या एका मुलीनं तिच्या गल्लीत रात्री चीता पाहिल्याचं सांगितलं आणि अख्खा वर्ग "झूठी, झूठी" म्हणून ओरडला. मी तिला जवळ बोलावलं. किती मोठा होता, शेपूट कशी होती, कुठून कुठं गेला, सगळं विचारलं. तिनं पाहिलं ते कुत्रंही असेल. पण तिला खोटी म्हणायचं माझ्या जिभेवर आलं नाही.

त्या वर्षीच्या बकरी ईदला, जूनमध्ये, काका आले नाहीत. दरवर्षी यायचे. अब्बांनी माणूस पाठवला, तो एकटाच परतला. मग दिवाळीच्या सुट्टीत अब्बा मला घेऊन पुन्हा पाड्यावर गेले. एक शेळी सोबत होती. काकू म्हणाल्या, ठेवून घ्या. काका बराच वेळ शेळीकडे बघत राहिले. कूड त्यांनी नवा केला होता, वरून काट्या लावल्या होत्या.

शेवटी ते माझ्याकडे वळले. "बाई, तो जंगलखात्याचा नियम कागदावर लिहून दे."

मी पर्समधल्या वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं. वनखात्याचा 1926 हा नंबर लिहिला. त्यांची नात सातवीत आहे, तिनं मोठ्यानं वाचलं. 48 तासांवर काका थांबले.

"तास म्हणजे किती राती?"

"दोन."

त्यांनी कागदाची घडी केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि गोठ्यात दावं टांगायच्या खुंटीला बांधली.